चुरीकाकांचं हुए

एके सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या नळातून वात आली.

वात म्हणजे दिव्याची वात. काळी, अर्धी जळलेली, तेलाने माखलेली. विरारच्या मनवेलपाड्यात त्या काळी नळातून काय काय येत असे, ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. शेवाळ यायचं, गांडूळ यायचं, बहुतेक दिवस नुसताच फुसफुस करत वारा यायचा. पण वात कधी आली नव्हती. मी ती चिमटीत धरून जिन्यात आले, तर प्रत्येक दारात एकेक बाई उभी. कुणाच्या हंड्यावर तेलाचा तवंग, कुणाच्या बादलीत काजळी. सेक्रेटरी दळवी बनियनवरच गच्चीत धावले, टाकीचं झाकण उघडलं आणि 'अरे देवा' म्हणून डोक्याला हात लावून बसले. टाकीत केळीच्या सोपटाच्या तीस-चाळीस होड्या तरंगत होत्या. प्रत्येकीत एक विझलेला दिवा.

केळीचं सोपट म्हटल्यावर चोर शोधायला जावंच लागलं नाही. सगळी बिल्डिंग तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात जमली. चुरीकाका दात घासत बाहेर आले.

"काल वैशाखी पौर्णिमा होती," ते म्हणाले. "आमच्या हुएला नदीत दिवे सोडतात."

"अहो, पण पिण्याच्या पाण्याच्या टाकीत?" दळवी किंचाळले.

"मग कुठं सोडू? गटारात?" चुरीकाका शांतपणे म्हणाले आणि चूळ भरायला आत गेले.

आता हे 'आमचं हुए' म्हणजे होळी नाही, हे आधी सांगते. चुरीकाका मूळचे वसईजवळच्या होळी गावचे. केळी, पानवेली, सोनचाफा असल्या वाडीत वाढलेले. वाडीच्या वाटण्या झाल्या, यांच्या वाट्याला आलं त्यात मांडव घालण्याइतकीही जागा नव्हती, म्हणून विरारला फ्लॅट घेऊन आले. येताना वाडी काही सुटली नाही. गॅलरीत पिंपात केळ लावली होती. तिला घड लागला तो खालच्या मजल्यावरच्या खिडकीत लोंबायला लागला, आणि घड कुणाचा यावरून एक जनरल मीटिंग झाली. तर ती होळी. हुए म्हणजे व्हिएतनाममधलं एक जुनं राजधानीचं गाव. तिथे किल्ला आहे, राजवाडा आहे, नदीकाठी देवळं आहेत, वर्षभर उत्सव आहेत. चुरीकाका तिथे कधीही गेले नव्हते. पण बोलायचे असे, की कालच तिथून भाजी घेऊन आलेत.

"आमच्या हुएला असं नसतं." हे त्यांचं पालुपद. पाणी आलं नाही, वीज गेली, रस्ता खणला, कुणाच्या घरी भांडण झालं, काहीही असो. "आमच्या हुएला नदीचं नावच सुगंधी नदी. वरच्या रानातली फुलं तिच्यात पडतात, सगळं गाव घमघमतं." आम्ही टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या, आणि हे सुगंधी नदी सांगताहेत. मी तोंडाची फटकळ, साताऱ्याकडची. एकदा म्हटलं, "काका, त्या नदीतून एक पाइपलाइन आणा की विरारपर्यंत." तर म्हणाले, "बघू, गेलो की बोलतो."

बिल्डिंगमधल्या पोरांना तर आयतंच कोलीत मिळालं होतं. काका जिन्यात दिसले की पोरं ओरडायची, "काका, हुए क्या?" काका थांबायचे, गंभीरपणे म्हणायचे, "अजून नाही." पोरं हसून लोळायची. ते रोज थांबायचे आणि रोज तेच उत्तर द्यायचे. आपली टिंगल चालली आहे हे त्यांना कळायचं की नाही, मला शेवटपर्यंत समजलं नाही.

हे हुए त्यांच्या मानगुटीवर बसलं कसं, ती कथा मला चुरीकाकूंनी सांगितली. काका मुंबईला एका छपाईच्या शाईच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. लग्न झालं त्या वर्षी कंपनीने छान कॅलेंडर काढलं, आणि काकांनी ते होळीच्या घरी स्वयंपाकघरात टांगलं. एप्रिलच्या पानावर एका देवळाचं चित्र होतं. टेकडीवर आठ बाजूंचा उंच मनोरा, एकावर एक सात मजले, खाली नदी आणि नदीत होडी. काकू भाकऱ्या थापताना त्याच्याकडे बघायच्या. एप्रिल संपला तरी त्यांनी पान उलटू दिलं नाही. त्या घरात मग बारा महिने एप्रिल. सणवार बघायला शेजारी जायला लागायचं.

चित्राखाली तीन इंग्रजी अक्षरं होती. एच, यू, ई. काकांनी ऑफिसात साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, "ह्यू म्हणजे रंगाची छटा. शाईचं कॅलेंडर आहे, रंगाचंच नाव असणार." झालं! नवरा-बायको आठ वर्षं त्या देवळाला 'रंगछटेचं देऊळ' म्हणत होते. "रंगछटेच्या देवळात देव कुठला असेल हो?" काकू विचारायच्या. काका म्हणायचे, "असेल कुठलातरी रंगनाथ." शेवटी वसईच्या पापडी गावचा, बोटीवर काम करणारा एक दोस्त घरी जेवायला आला, त्याने कॅलेंडर बघून कपाळावर हात मारला. "अरे मोरू, छटा कसली? गाव हाय ते! व्हिएतनाममधे. आमची बोट त्या बाजूला लागलीवती." त्याने नावाचा खरा उच्चार 'ह्वे' असा आहे हेही सांगितलं. काकांनी तो साफ नाकारला. म्हणाले, "ह्वे त्यांचं. आपलं हुए."

त्याच दिवशी काकूंनी विचारलं, "गाव आहे म्हणजे जाता येतं. दाखवाल मला?"

"दाखवीन की," काका म्हणाले.

"बोलून बसलो हो बाई," ते मला सांगायचे. मला ते 'बाई'च म्हणत, कारण मी शाळेत शिकवायचे. आणि शिकवायचे म्हणूनच एक दिवस ते माझ्याकडे इंग्रजी पुस्तिका घेऊन आले. वकिलातीला पत्रं पाठवून पाठवून त्यांनी ती मिळवली होती. मी दर रविवारी तिचं मराठी करून द्यायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी कुरकुरत केलं. करता करता माझ्याही डोक्यात ते गाव शिरलं. लाल वस्त्रातली एक म्हातारी त्या टेकडीवर प्रगटली आणि म्हणाली, इथे एक राजा येईल, तो देऊळ बांधेल. मग राजा आला, देऊळ झालं. आवारात दगडी कासव आहे आणि त्याच्या पाठीवर शिलालेख. काका खूश. "आपल्याकडे कासव देवळात नुसतं बसून असतं. तिथं त्याला कामाला लावलंय."

नदीच्या वरच्या अंगाला एका देवीचं ठाणं. सातव्या महिन्यात, म्हणजे आपल्या श्रावण-भाद्रपदात, दोन दोन होड्या जोडून त्यांवर देवीची पालखी नेतात. ढोल, झांजा, उदबत्त्यांचा धूर. "अगदी आपल्या कोळीवाड्यातल्यासारखं," काका म्हणाले. "जायचं तर तेव्हाच."

तिथली भाषाही त्यांनी शिकायला घेतली. त्या भाषेत 'मा' हा एकच शब्द सहा सुरांत म्हटला की सहा अर्थ होतात: भूत, आई, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप. सकाळी साडेपाचला समोरून सुरू व्हायचं. "मा! माऽ! मा?" आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, समोरचं पोर आईला हाका मारतंय, कुणी बघत का नाही?" त्यांना सांगितलं की ते पोर अठ्ठावन्न वर्षांचं आहे आणि बहुतेक घोड्याला हाक मारतंय.

संध्याकाळी आणखी निराळं. समोरच्या दारातून काकांचा आवाज यायचा. "आता दरवाजातून आत ये. हं. उजवीकडे तळं. कमळं आहेत. पायरी सांभाळ. आता वर बघ, पहिला मजला." रोज. मी नवऱ्याला म्हणाले, या माणसाचा स्क्रू पुरता ढिला झाला. घरात बसून बायकोला गाव फिरवतो. नवरा म्हणाला, "फिरवतो तरी." तो विषय मी तिथेच संपवला.

मग एक दिवस काकू सुकेळी घेऊन आल्या. वसईची ती वाळवलेली केळी, पानात बांधलेली. मी हात पुढे केला, तर त्यांनी ताटली माझ्या हातापासून वीतभर बाजूला सोडून दिली. सगळी सुकेळी फरशीवर. मी हसून म्हटलं, "काकू, लक्ष कुठाय? हुएला का?"

त्या खाली बसून चाचपडत गोळा करायला लागल्या. म्हणाल्या, "काचबिंदू आहे ना मला. बाजूने अंधार येतोय. आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं, मधलं तेवढंच. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही. उरलंय ते थेंब टाकून सांभाळायचं." मग माझ्या पायाजवळचं एक सुकेळं त्यांना सापडलं नाही, ते मी उचलून दिलं. "ह्यांना घाई त्याचीच आहे हो. सगळं जायच्या आत दाखवायचंय. त्या दिवशी गच्चीत दिवे सोडले ते नीट दिसले मला. समोर होते ना."

मला इतकी लाज वाटली, की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या वातीवरून सगळ्यांत जास्त आरडाओरडा मीच केला होता. संध्याकाळच्या त्या बोलण्याचाही अर्थ मला तेव्हा लागला. दिसतंय तोवर जायला जमलं नाही तर निदान ऐकून तरी पाठ असावं, म्हणून तो माणूस रोज तिला मजल्यामजल्याने वर नेत होता.

त्यानंतर मी पदर खोचला. पासपोर्टचे अर्ज मीच भरले. प्रवासाचं कारण काय, असं कुणीतरी विचारलं तर काकांनी ठणकावून सांगितलं, "देवदर्शन." चौकशीला पोलीस घरी आला. "व्हिएतनाम? देवदर्शनाला? अहो, शिर्डी आहे, गणपतीपुळे आहे!" त्याचा संशय काही जाईना. काकांनी त्याला दीड तास हुए सांगितलं. दगडी कासवापर्यंत आल्यावर तो बिचारा उठला, सुकेळी घेतली आणि म्हणाला, "या जाऊन एकदाचे."

पण घोडं अडलं ते पुढेच. ठाण्याचा एक टूरवाला त्या बाजूची सहल काढणार होता. सीट भरायच्या होत्या वीस, भरल्या दोन. दोन्ही चुरी. टूरवाला म्हणाला, "काका, बँकॉक-पट्टाया करा ना, तिथंही देवळं आहेत." काका म्हणाले, "तुमच्या घरी लग्न ठरलेल्या मुलीऐवजी शेजारची दिली तर चालेल?" पुढच्या वर्षी पुन्हा ठरलं, तेव्हा टूरवाल्यानेच गाशा गुंडाळला. दुसरा शोधला, तर त्या भागात कसलीशी साथ आली आणि विमानंच बंद झाली. दर वर्षी श्रावण यायचा, काका बॅग भरायचे आणि भाद्रपदात रिकामी करायचे. पोरं मोठी झाली, कॉलेजात गेली. 'काका, हुए क्या' म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. मला वाटतं, उत्तर ऐकवत नव्हतं.

त्या दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन समोर गेले. काकांनी सगळ्या गॅलरीत पणत्या लावल्या होत्या. काकू पणत्यांसमोर उभ्या होत्या, चेहऱ्यावर उजेड पडला होता. माझी चाहूल लागली तशा वळून म्हणाल्या, "बाई का? बघा ना, ह्यांनी अजून दिवेच लावले नाहीत." काका आतल्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "लावतो गं, आता लावतो."

मला वाटलं, आता संपलं. आता हा माणूस हुएचं नाव काढणार नाही. आणि दोनच महिन्यांनी काका सांगत आले, की टूर ठरली. श्रावणातली. पैसे भरून आलो.

दळवी मनाचे वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. जिन्यातच म्हणाले, "आता कशाला, चुरी? त्यांना दिसणार काय?"

चुरीकाकांना मी त्या एकाच वेळी चिडलेलं पाहिलं. "मी 'दाखवीन' म्हणालो होतो," ते म्हणाले. "दिसणं न दिसणं तिच्या हातात नाही. दाखवायचं काम माझं आहे."

गेले. सगळी बिल्डिंग खाली उतरून रिक्षापर्यंत पोचवायला आली. तिथल्या बायका जांभळं नेसतात म्हणून काकूंना जांभळी साडी. देवीपुढे ठेवायला सुकेळ्यांचा पुडा. आणि काका वाटेत दिसेल त्याला 'सिन चाव' म्हणत होते, म्हणजे तिकडचा नमस्कार. कोपऱ्यावरच्या टँकरवाल्यालासुद्धा म्हणाले. तो म्हणाला, "कल आयेगा."

दहा दिवसांनी परत आले. मी शाळेतून येत होते, तर काका दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसलेले. माझीच वाट बघत होते.

"कसं झालं, काका? होड्या? पालखी?"

"पालखी उत्तम. ढोल वाजत होते, धूर होता, होडी हलत होती. तिला सगळं कळलं. देवीपुढे सुकेळी ठेवली. आनंद झाला तिला." मी पिशवी खाली ठेवली.

"बाई, बांबू," ते म्हणाले.

"बांबू कसले?"

"आपल्या मनोऱ्याला. दुरुस्ती काढली होती. खालपासून कळसापर्यंत परांच्या बांधलेल्या, वर हिरवं कापड गुंडाळलेलं. सात मजले सोडा, एक वीट दिसत नव्हती. पंचवीस-तीस वर्षं काढली बाई, आणि समोर जाऊन उभा राहिलो तर बांबू."

"अरे देवा! मग?"

"मग काय. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, 'हं, दाखवा.' मी दाखवलं." त्यांनी चष्मा काढला. "पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. सगळं सांगितलं. उन्हात विटा कशा दिसताहेत, छपरांच्या कडा कशा वळल्यात, कुठल्या मजल्यावर पाखरं बसलीत. बांबू पुसून टाकले. ती मान वर करत करत गेली. तिच्या तोंडावर काय होतं ते तुम्हाला सांगता येत नाही मला." ते रडायला लागले. भर दुपारी, जिन्यात, एवढा मोठा माणूस. "एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा फसवलं मी तिला. तुम्ही कधी बोलू नका, बाई. तिला कळता कामा नये."

मी शपथ घेतली.

दोन दिवसांनी काका बाजारात गेले होते, तेव्हा काकूंनी मला हाक मारली. चहा त्यांनीच केला. सगळी भांडी जागच्या जागी, हाताला बरोबर सापडत होती. प्रवासाचं बोलून झालं. विमान, जेवण, टूरमधल्या बायका. मग मी जपूनच विचारलं, "आणि ते देऊळ, काकू? आपलं?"

काकू थोडं हसल्या. म्हणाल्या, "दार लोटून घ्या जरा." मी दार लोटलं.

"दुरुस्ती चालली होती हो तिथं."

मी बशी खाली ठेवली.

"वरून हातोड्यांचे आवाज येत होते. ओल्या चुन्याचा वास. कुणीतरी उंचावरून ओरडत होतं, खाली बांबू आपटत होते. वाडीतलं आमचं घर दोनदा बांधलं माझ्या देखत, मला काय कळत नाही? टूरमधली एक बाई तर मागून म्हणाली, 'एवढे पैसे भरले आणि हे बघायचं का?' तिला कुणीतरी गप्प केलं." त्यांनी चहाचा कप चाचपून माझ्याकडे सरकवला. "पण ह्यांना सांगू नका हं. त्यांना वाटतं, मला कळलं नाही."

"अहो काकू, मग बोलला का नाहीत तिथेच?"

"मधेच कशी बोलणार, बाई?" काकू म्हणाल्या. "चौथ्या मजल्यावर पोचलो होतो आम्ही. अजून तीन राहिले होते."